चार वाजून अकरा मिनिटांचा इशारा

लेक ऑर्डवे, फ्लोरिडा
१७ जून २०२२

गार्लंड,

फोन करणं बंद कर. दोन आठवड्यांत एकोणीस वेळा केलास. मी उचलला तर काय होईल ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. मी तोंडाला येईल ते बोलेन, तू मुकाट ऐकून घेशील आणि शेवटी विचारशील, ‘लोर्ना, जेवलीस का?’ तुझी ही सवय मला तू शाळेत होतास तेव्हापासून सहन होत नाही. कागदावर निदान तुला मधेच तोंड घालता येत नाही.

एफ्राइनला गेल्या शनिवारी दफनभूमीत पोचवलं. तुमच्या प्रयोगशाळेकडून फुलं आली होती. यादिरानं कार्ड वाचलं, फुलं उचलली आणि चर्चच्या मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. नवरा गेलाय तिचा, तरी रीत सोडली नाही. मी तिच्या जागी असते तर तुडवली असती.

चौदा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. उद्यानाच्या पाचही मैदानांचं गवत, कुंपणं, चुन्याच्या रेघा, सगळं त्याच्याकडे. बाहेरगावचे संघ आले की त्याच्या रेघांचे फोटो काढायचे, आणि तो लांबून बघून न बघितल्यासारखं करायचा. २ जूनला दुपारी चार वाजून एकतीस मिनिटांनी, तिसऱ्या मैदानावर, चुन्याची गाडी हातात असताना त्याच्यावर वीज पडली. आमच्या डोक्यावर तेव्हा ऊन होतं. ढग संत्र्यांच्या बागेपलीकडे होता. मी कचेरीच्या खिडकीत उभी होते. त्याबद्दल याहून जास्त मी तुला लिहिणार नाही.

आता तुझ्याकडे वळते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचं खात, तू काय म्हणाला होतास आठवतं? ‘उपग्रह ढगाचं डोकं बघतो, लोर्ना, आणि रडार त्याचं पोट बघतं. डोकं भराभर गार होत वर चाललं, आणि पोटात बर्फाचे कण एकमेकांवर आपटायला लागले, की समजायचं, अर्ध्या तासाच्या आत वीज पडणार. आजवर सगळे पहिली वीज पडल्यावर सांगतात. आपण ती पडायच्या आधी सांगू.’ मी सही केली. काउंटीच्या अकरा उद्यानांना तुझी शिफारस मीच केली. माझा धाकटा भाऊ, म्हणून छाती काढून केली.

आणि यंदा एप्रिलमध्ये पाठवलंस काय? अर्धं. रडारची बाजू जोडायला अजून वेळ आहे, तोवर डोक्यावर भागवा, म्हणालास. फ्लोरिडातल्या ढगाच्या डोक्यावर! दुपार झाली की इथे प्रत्येक ढगाचं डोकं वर जातं. सहा आठवड्यांत चौदा इशारे आले. चौदा वेळा मी भोंगा वाजवला आणि खेळायला आलेल्या पोरी, त्यांच्या आया, बाप, पंच, आइस्क्रीमवाला, सगळ्यांना व्यायामशाळेत कोंबलं. नऊ वेळा वीज तर सोडच, साधा शिंतोडा आला नाही.

लोक काय काय बोलले ते तुला तिकडे अलाबामात ऐकू आलं नसेल. कोच रेनफ्रो सगळ्यांसमोर ओरडायचा, ‘मिस लोर्ना, ढगाला शिंक आली, वाजवा भोंगा!’ एका आजोबांनी मला विचारलं, ‘बाई, तुमच्या भावाच्या कचेरीला खिडकी नाहीये का?’ पोरी माझी नक्कल करायच्या. एफ्राइनसुद्धा सकाळी किल्ल्या घ्यायला आला की टोपी मागे सारून विचारायचा, ‘मिस लोर्ना, आज किती वाजता वीज पडणार नाही?’

इशारा कधी आला आणि कधी नाही, ते तू तुझ्या नोंदींत बघ. काउंटीच्या चौकशीवाल्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला नीट आठवत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या या उत्तरावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

लोर्ना

८ जुलै २०२२

गार्लंड,

चौकशीचा अहवाल आला. सतरावं पान मी तीनदा वाचलं.

‘आमच्या यंत्रणेतील दोषामुळे त्या दिवशीचा इशारा उद्यानाच्या व्यवस्थापकांपर्यंत चार वाजून तेहेतीस मिनिटांनी पोचला. उशिराची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’ खाली तुझी सही. तीच लांब शेपटीची सही, जी तू आठवीत असताना मी तुला बदलायला सांगितली होती.

शाबास. फारच शहाणा निघालास.

तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? मी सांगितलं होतं? एक शब्द तरी विचारलास मला? लहानपणी काच फोडलीस की ‘मी नाही’ म्हणून रडणारा तू, आणि आता न फोडलेल्या काचेचे पैसे भरायला निघालास.

त्या पानामुळे इथे काय चाललंय ते ऐक. दुकानात बायका मला मिठ्या मारतात. कोच रेनफ्रो माझ्या कचेरीत येऊन रडला. म्हणाला, ‘मी तुम्हाला इतकं चिडवलं, आणि तुमचीच फसवणूक झाली.’ काउंटीनं मला महिनाभर सुट्टी देऊ केली, ‘धक्क्यातून सावरायला’. मी घेतली नाही. रोज सकाळी सातला येऊन किल्ल्या घेऊन बसते. त्या घ्यायला आता दुसराच माणूस येतो. तो काही विचारत नाही.

तुमची यंत्रणा बंद करावी असा ठराव येतोय. सप्टेंबरमध्ये सुनावणी आहे. तोवर अकराही उद्यानांत ती बंद आहे, म्हणजे आम्ही पुन्हा पहिली वीज पडायची वाट बघतो. परवा दुपारी तरणतलावापासून दोनशे पावलांवर एका पाइनच्या झाडाची साल वरून खालपर्यंत सोलली गेली. पाण्यात तेव्हा तीसेक पोरं होती. गडगडाट आधी झालाच नाही. तीच पहिली.

हे सगळं तुझ्या सहीखाली चाललंय. का, ते तुला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक आहे. म्हणून पुढे लिहीत नाही.

दहा तारखेला तुझा वाढदिवस आहे. कार्ड पाठवणार नाही.

लोर्ना

१२ ऑगस्ट २०२२

गार्लंड,

हे पत्र तू जपून ठेव. वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव.

मंगळवारी दोन गोष्टी झाल्या. सकाळी तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या डॉक्टर लिंडक्विस्टचा फोन आला. थियाचा. आवाज बारीक आहे तिचा, पण ऐकताना वाटलं की ही बाई बरेच दिवस झोपलेली नाही. म्हणाली, ‘मिस क्रेबट्री, रडारच्या बाजूवर मी अकरा वर्षं घालवली आहेत. आता सगळे म्हणतात की रडार जोडल्यामुळेच यंत्रणा मंदावली आणि उशीर झाला. मी तीनदा तपासलं. मला उशीर सापडत नाही. त्या दिवसाची नोंद गार्लंडनं बंद करून ठेवली आहे, मला बघू देत नाही. तुमच्या फोनवर इशारा किती वाजता दिसला, फक्त एवढं सांगाल?’

मी सांगितलं, तो फोन पाण्यात पडून बिघडला.

ती म्हणाली, ‘बरं. तरी आभारी आहे.’ माझे आभार मानले तिनं.

फोन माझ्या टेबलाच्या खणात होता. अजून आहे. काही बिघडलेला नाही.

दुपारी यादिरा आली. एफ्राइनचे बूट, पाण्याची बाटली आणि भिंतीवरचं पोरींच्या संघानं काढलेलं त्याचं चित्र न्यायला. येताना माझ्यासाठी तुरीचे दाणे घालून केलेल्या भाताचा डबा घेऊन आली. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिनं माझ्या घरी आणला होता तोच पदार्थ. तूही होतास तेव्हा. तू आणि एफ्राइननं मी केलेल्या गोड पाईचा शेवटचा तुकडा कुणी खायचा यावर अर्धा तास वाद घातलात आणि शेवटी दोघांनी अर्धा-अर्धा खाल्लात. यादिरानं डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘तुम्ही बारीक झालात, मिस लोर्ना. खात जा. तुमचा काय दोष? यंत्रानं सांगितलंच नाही तर तुम्ही काय करणार?’ मग दारात थांबून म्हणाली, ‘रागावू नका, पण तुमच्या भावाला मी कधी माफ करणार नाही.’

आणि मी मान हलवली. गार्लंड, मी मान हलवली, जणू तिच्या बाजूनं.

आता ऐक. तुला आकडे माहीत आहेत, बाकीचं माहीत नाही.

वीस मेला तू लिहिलं होतंस की रडार जोडलं, आता इशारा आला तर तो खरा मान. ते मी वाचलं होतं. वाचून ‘हो का’ म्हणाले आणि बंद केलं. त्यानंतर तेरा दिवसांत तीन इशारे आले. तिन्ही खरे निघाले. मी तिन्ही वेळा भोंगा वाजवला, तिन्ही वेळा वीज पडली, आणि कुणीही येऊन म्हणालं नाही की बाई, तुमचं बरोबर होतं. लोकांना नऊच लक्षात राहिले. मलाही नऊच लक्षात राहिले.

दोन जूनला पाच वाजता जिल्ह्याचा अंतिम सामना होता. काउंटीचे लोक येणार होते. चार वाजून अकरा मिनिटांनी फोन थरथरला. ‘वीज, तेवीस मिनिटांच्या आत.’ मी खिडकीतून बघितलं. लख्ख ऊन. बाहेर रेनफ्रो त्याच्या पोरींच्या आयांना हसवत होता, आणि मला ऐकू आलं, ‘पैज लावा, ती वाजवणारच!’

मी ‘पाहिलं’ ही कळ दाबली आणि फोन खणात टाकला. दहा मिनिटं थांबू, ढग दिसला तर वाजवू, असं मनाशी म्हणाले. ते मनाशी म्हणणं खोटं नव्हतं. पण मी पुन्हा खिडकीकडे बघितलं ते वीस मिनिटांनी.

आणि त्याच्या मधली गोष्ट, जी कुठल्याच नोंदीत नाही. सव्वाचारला एफ्राइन दारात आला. टोपी मागे. चेहऱ्यावर चुना. म्हणाला, ‘मिस लोर्ना, पश्चिमेला काहीतरी वाढतंय. यंत्र काय म्हणतंय?’ या वेळी तो विनोद करत नव्हता.

मी म्हणाले, ‘काही नाही. तू रेघा पूर्ण कर.’

तो ‘बरं’ म्हणून गेला.

त्याच्यावर रागावण्याइतकाही वेळ मला नव्हता, गार्लंड. मी पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते.

हे तुला नोंदीत दिसलं नसेल, पण चार-अकरा आणि ‘पाहिलं’ हे तर दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं असणार. म्हणूनच एकोणीस फोन. तू एकदाही विचारलं नाहीस, ‘लोर्ना, तू काय केलंस?’ सरळ सही ठोकलीस. मला महिनाभर लोकांच्या मिठ्या खायला लावल्यास. तू विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

नाही. तेवढं खोटं नको. कदाचित सांगितलं नसतं. पण तू विचारायला हवं होतंस.

डबा मी उघडला नाही. फ्रिजमध्ये आहे.

लोर्ना

१४ सप्टेंबर २०२२

गार्लंड,

तू काल सुनावणीला आला नाहीस हे बरं झालं. तुला वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. तुझ्यावर मेहेरबानी म्हणून नाही.

सकाळी दहाला सुरू झाली. थिया आली होती. नऊ तास गाडी चालवून, एकटी. मांडीवर जाड फाइल, आणि कुणी तिच्या शेजारी बसायला तयार नाही. यादिरा पुढच्या रांगेत, तिच्या बहिणीबरोबर. अध्यक्षबाईंनी मला बोलावलं, कारण सगळ्यांना वाटत होतं की मी यंत्रणा बंद करा म्हणून सांगेन. मी फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ‘इशारा चार वाजून अकरा मिनिटांनी आला होता. मी तो पाहिला आणि काही केलं नाही. सतराव्या पानावर माझ्या भावानं लिहिलंय ते खोटं आहे. मला वाचवायला लिहिलंय.’

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘मिस क्रेबट्री, थांबा. तुम्हाला वकील हवा आहे का?’

‘नको. पाणी हवंय.’

पाणी आलं. मग मी सगळं सांगितलं. चौदातले नऊ सांगितले, नंतरचे तीन सांगितले. खिडकी, ऊन, खण. रेनफ्रोचं नाव घेतलं नाही, पण तो मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला. ‘रेघा पूर्ण कर’ हे सांगताना मी यादिराकडे बघून सांगितलं. भिंतीकडे बघून सांगितलं असतं तर ते पुन्हा खणात टाकल्यासारखंच झालं असतं.

त्यानंतर थिया बोलली. तिनं दोन चित्रं दाखवली. एकात नुसतं ढगाचं डोकं, दुसऱ्यात त्याच ढगाचं पोट, चार वाजून आठ मिनिटांचं. म्हणाली, ‘एकट्या उपग्रहाला हा ढग इतर वीस ढगांसारखाच दिसत होता. बर्फ दिसला तो रडारला. दोघांनी मिळून हा एकच वेगळा काढला.’ एवढं बोलून ती बसली. तीन विरुद्ध दोन मतांनी यंत्रणा राहिली. अकराही उद्यानांत, उद्यापासून. आता भोंगा आपोआप वाजेल, कुणाच्या बोटाची वाट बघणार नाही. तो बदल थियानं सुचवला. तू का नाही सुचवलास कधी?

यादिरा बाहेर माझ्या गाडीपाशी उभी होती. बहिणीला तिनं लांब थांबवलं होतं.

‘त्यानं तुम्हाला विचारलं होतं?’

‘हो.’

‘आणि तुम्ही म्हणालात, काही नाही.’

‘हो.’

ती एक पाऊल पुढे आली. मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं मला. ती म्हणाली, ‘यंत्रानं मारलं होतं तेच बरं होतं. यंत्राच्या घरी मी कधी जेवले नव्हते.’

मग ती गेली.

दुपारी मी राजीनामा दिला. मागायची वाट बघितली नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. काउंटीचे वकील आणि यादिराचे वकील आता जे करायचं ते करतील, आणि विचारतील त्याला मी जे झालं तेच सांगेन.

तुझं नावही मी बुडवलं, हे मला कळतं. मुद्दाम बुडवलं. तुझ्या खोट्याला हात न लावता माझं खरं सांगता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी ते सोडलं नसतं.

लोर्ना

३ ऑक्टोबर २०२२

गार्लंड,

तुझं पत्र मिळालं. चार महिन्यांतलं पहिलं. काम थियाकडे गेलं आणि तुला घरी बसवलंय, हे तू ज्या शांतपणे लिहिलं आहेस तो शांतपणा मला चीड आणतो. जायलाच हवं होतं तिच्याकडे.

तू लिहितोस, ‘आई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मी सात. तू कॉलेज सोडलंस, मला वाढवलंस. तुला परत द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय?’

तू जे मला परत द्यायला निघालास ते तुझं नव्हतं. थियाची अकरा वर्षं तुझी नव्हती. एफ्राइन कसा मेला हे कळण्याचा यादिराचा हक्क तुझा नव्हता. तरणतलावातली ती तीस पोरं तुझी नव्हती. स्वतःच्या खिशातून दिलं असतंस तर मी कदाचित घेतलंही असतं. मी तुला वाढवलं ते जेवू घालून, शाळेत पोचवून, ताप आला की उशाशी बसून. त्यात कुठेही हे नव्हतं की मोठेपणी लोर्नाला खोट्यात लपव. आणि शेवटी तू लिहितोस की पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन. म्हणून तर तुझ्याशी बोलायची माझी इच्छा नाही.

एक काम मात्र आहे, आणि ते तुला करावंच लागेल. माझ्या जागेवर टेरेल व्हिटमायर नावाचा माणूस येतोय. पस्तिशीचा आहे, उमदा आहे, लोकांना हसवतो, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं त्याला फार वाटतं. मला बघताक्षणी कळलं, कारण मी तशीच होते. भोंगा आपोआप वाजला तरी मैदानावरून माणसं हलवायची ती त्यालाच, आणि नवव्यांदा लोक हसतील तेव्हा तिथे तोच उभा असेल. अकराही उद्यानांच्या लोकांना पुढच्या महिन्यात शिकवायचं आहे. थियानं मला विचारलं, कुणी शिकवावं? मी तुझं नाव सांगितलं. तिला ते आवडलं नाही, पण ती हो म्हणाली.

त्यांना ढगाचं डोकं आणि पोट शिकव. ते तुला छान जमतं. आणि मग सांग की इशारा आला होता. ‘एका उद्यानात एका व्यवस्थापकानं’ असं सांगू नकोस. लोर्ना क्रेबट्री सांग. एफ्राइन कोलोन सांग. तो दारात येऊन विचारून गेला होता, आणि तिनं त्याला काय उत्तर दिलं, तेही सांग. तुझ्या तोंडून, मोठ्यानं, टेरेलच्या डोळ्यांत बघून. त्या पानावर जे लिहिलंस त्याची भरपाई याशिवाय दुसऱ्या कशानं होणार नाही.

वर्ग लायब्ररीच्या मोठ्या खोलीत आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. त्या दिवशी मी घरीच असेन. माझ्याकडे येऊ नकोस.

लोर्ना